सात फुटांचा हट्ट आणि साडेतीन फुटांचा कोपरा

वसईहून एका वाचक भगिनींनी पाठवलेले पत्र थोडक्यात असे आहे: "गेल्या पावसाळ्याआधी आम्ही वाडीतले जुने कौलारू घर सोडून इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आलो. जुन्या घरी नाताळात सुरूची मोठी फांदी आणून, पत्र्याच्या डब्यात वाळू भरून ती ओटीवर उभी करण्याची पद्धत होती. यंदा पहिल्यांदाच कृत्रिम ख्रिसमस ट्री विकत घ्यायचे आहे. आमचा हॉल १० बाय १४ फुटांचा असून छत नऊ फूट दोन इंच उंच आहे. टीव्हीचे कपाट आणि बाल्कनीचे दार यांच्यामधला कोपरा दोन्ही भिंतींकडून साडेतीन-साडेतीन फूट मोकळा आहे, मात्र छताचा एक पंखा त्या बाजूला आहे. मला सात फुटी झाड हवे आहे. माझे पती म्हणतात, चार फुटी पुरे, कारण उरलेले अकरा महिने ते ठेवायचे कुठे? सासूबाईंचे एकच म्हणणे आहे की झाड कितीही मोठे आणा, पण गोठ्याची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची, जागा खाऊ नका. घरात तीन वर्षांचा मुलगाही आहे. किती फुटी झाड घ्यावे? आणि नर्सरीत कुंडीतले मिळते, ते चालेल का?"

सप्रेम नमस्कार.

पत्रात तुम्ही मापे लिहिली, हे फार बरे केले. या विषयावर येणाऱ्या बहुतेक पत्रांत "हॉल मध्यम आहे" एवढेच असते, आणि मध्यम या शब्दात आठ फुटांपासून अठरा फुटांपर्यंत काहीही मावते. तुमच्या मापांवरून माझे मत स्पष्ट आहे, म्हणून ते आधीच सांगतो. तुम्ही पाच फुटी झाड घ्यावे, त्याची खालची रुंदी पस्तीस इंचांच्या आत असावी, आणि ते जमिनीवर उभे न करता दीड फूट उंचीच्या मजबूत चौकोनी टेबलावर ठेवावे. सासूबाईंचा गोठा त्याच टेबलाखाली बसेल.

तुमच्या घरात झाडाचा आकार छत ठरवत नाही, जमीन ठरवते. आपण सारे जण बाजारात जाऊन "किती फुटी आहे?" असे विचारतो, दुकानदारही फुटांतच भाव सांगतो, त्यामुळे उंची हेच झाडाचे माप अशी आपली समजूत होऊन बसते. प्रत्यक्षात घरात अडचण होते ती झाडाच्या पसाऱ्याची. नेहमीच्या भरगच्च बांध्याचे सहा फुटी कृत्रिम झाड तळाशी साडेतीन ते चार फूट रुंद असते आणि सात फुटी त्याहूनही जास्त पसरते. तुमचा कोपरा दोन्ही बाजूंनी बेचाळीस इंच आहे. त्यातले दोन-तीन इंच मागच्या भिंतींसाठी सोडावे लागतात, नाहीतर फांद्या भिंतीला घासून दुमडतात आणि झाड पुढे कलल्यासारखे दिसते. बाल्कनीच्या दाराच्या बाजूला किमान चार इंच मोकळे हवेत, कारण त्या दारातून तुम्ही रोज ओल्या कपड्यांची बादली घेऊन ये-जा करणार आणि प्रत्येक फेरीला एखादा गोळा खाली पडणार. उरतात पस्तीस इंच. म्हणजे भरगच्च सात फुटी झाड तुमच्या कोपऱ्यात मुळात बसतच नाही, मग ते छताला टेकते की नाही हा प्रश्न पुढचा.

यावर विश्वास बसत नसेल तर टेप न घेताही पाहता येईल. हल्लीच्या इमारतींतल्या फरश्या बहुधा दोन फूट बाय दोन फुटांच्या असतात. चार फूट रुंदीचे झाड म्हणजे अशा चार फरश्यांचा चौकोन. त्या चार फरश्यांवर घरातली जुनी चादर अंथरून ठेवा आणि एक संध्याकाळ घरातल्या सगळ्यांनी तिच्यावर पाय न देता वावरून पाहावे. रात्रीच्या जेवणापर्यंत निकाल लागतो.

पंख्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण परदेशी मासिकांतल्या सल्ल्यांमध्ये पंखा नसतोच आणि आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी तो लावावा लागतो. आमच्या पहिल्या घरात मीही मापे न घेता साडेसहा फुटी झाड आणले होते. छताला ते टेकत नव्हते, म्हणून मी निर्धास्त होतो. त्याच्या शेंड्यावर तारा बसवला, ताऱ्यापासून चमचमत्या झिरमिळ्यांची माळ सोडली, आणि पाहुणे आल्यावर कोणीतरी सवयीने पंख्याचे बटण दाबले. माळेचे सुटे टोक वाऱ्याने उडून पात्यात अडकले आणि क्षणभरात अख्खी माळ पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळली गेली. झाड पडले नाही, पण तारा थेट आमच्या मामांच्या ताटात जाऊन पडला. ते ताट वडे आणि गरम रश्श्याचे होते, एवढे सांगितले म्हणजे पुढचे लिहायला नको.

आपल्या घरांत सर्वाधिक दिसणारा पंखा अठ्ठेचाळीस इंचांचा असतो, म्हणजे मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत दोन फूट. तुमच्या छताच्या उंचीत त्याची पाती जमिनीपासून आठ फुटांच्या आसपास फिरत असतील. सात फुटी झाडावर आठ इंचांचा तारा लावला की तो पावणेआठ फुटांच्या जवळ जातो, म्हणजे जवळजवळ पात्यांच्या पातळीवरच येतो, आणि कोपऱ्यातून झाड जरा पुढे ओढले गेले तर मग खेळ संपला. मी सुचवलेल्या मांडणीत दीड फुटांचे टेबल, पाच फुटांचे झाड आणि आठ इंचांचा तारा मिळून उंची सात फूट दोन इंच होते. पात्यांपासून पाऊण फुटाहून जास्त अंतर खाली आणि तेही कोपऱ्यात, हे मला पुरेसे वाटते. तरीही झिरमिळ्यांच्या माळा वरच्या दोन फुटांत लावू नका.

आता सात फुटांच्या हट्टाविषयी. त्यामागचे कारण तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, पण ओटीवरच्या सुरूच्या फांदीचा उल्लेख पुरेसा बोलका आहे. कौलारू घरात आढ्यापर्यंत मोकळी उंची असते, ओटी तीन बाजूंनी उघडी असते आणि समोर केळीची वाडी असते. तिथे आठ फुटी फांदीही बेताची वाटे. तीच फांदी इमारतीतल्या हॉलमध्ये आणली तर एखादा अनोळखी पाहुणा कोपऱ्यात उभा असल्यासारखे वाटेल. दुकानातही हाच चकवा होतो. क्रॉफर्ड मार्केटसारख्या ठिकाणी झाडे उंच छताखाली किंवा उघड्यावर रांगेने उभी असतात, दहा झाडांमध्ये सहा फुटी झाड किरकोळ दिसते, आणि घरी आणून उघडल्यावर ते सोफ्यावर चढून बसते. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या नातेवाइकांच्या छायाचित्रांनीही असाच गोंधळ होतो. तिकडच्या घरांची छते आठ-नऊ फुटांचीच असतात, मात्र बैठकीची खोली आपल्यापेक्षा पुष्कळ मोठी असते आणि थंडीत छताचा पंखा कोणी लावत नाही, त्यामुळे सात फुटी झाड तिथे खपून जाते.

टेबलावर ठेवलेले झाड म्हणजे तडजोड, असे वाटून घेऊ नका. ख्रिसमस ट्रीची चाल इंग्लंडात आणि पुढे अमेरिकेत लोकप्रिय होण्यात ज्या चित्राचा मोठा वाटा होता, ते राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या कुटुंबाचे १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापलेले चित्र पाहिले, तर विंडसर किल्ल्यातले ते झाड चक्क टेबलावर उभे आहे आणि मुले मान वर करून त्याच्याकडे पाहत आहेत. राजवाड्यात जागेची टंचाई नव्हती. जर्मनीत झाड टेबलावर मांडण्याची जुनी पद्धत होती आणि अल्बर्ट मूळचे जर्मन. झाड टेबलावर चढले की नजर आपोआप वर जाते आणि पाच फुटांचे झाड साडेसहा फुटांचा रुबाब मिळवते, तुमचा हट्ट बराचसा इथेच पुरा होतो.

गोठ्याचे माप तुम्ही दिलेले नाही. वसईकडच्या घरांत मी पाहिलेले गोठे साधारण वीस इंच रुंद आणि सव्वा फूट उंच असतात, तेवढाच तुमचा असेल असे धरून चालतो. दोन फूट बाय दोन फुटांचे, चार पायांचे, खाली आडव्या पट्ट्या नसलेले टेबल घेतले तर पायांच्या मधोमध सुमारे एकवीस इंच मोकळे राहतात आणि दीड फुटाच्या उंचीत सव्वा फुटाचा गोठा आरामात शिरतो. तो पूर्ण आत ढकलू नका, सहा इंच पुढे ओढून ठेवा, म्हणजे छपरावरचा तारा आणि देवदूत झाकले जाणार नाहीत. टेबलाच्या मागच्या आणि बाजूच्या तिन्ही अंगांना गडद निळे किंवा काळे कापड सोडले की आत गुहेसारखी खोली येते. मला विचाराल तर गोठा झाडासमोर उघड्यावर मांडण्यापेक्षा असा अंधारात एका मंद दिव्याने उजळलेला जास्त शोभतो, कारण बेथलेहेमची ती रात्रच आहे. नाचणी पेरून हिरवळ करण्याची तुमच्याकडे पद्धत असेल तर ती तबके कापडाच्या बाहेर, पुढच्या बाजूला ठेवा, टेबलाखाली उजेड न मिळाल्याने रोपे पिवळी पडून लोळतात.

तीन वर्षांच्या मुलाचा मुद्दा मात्र हलक्यात घेऊ नये. कृत्रिम झाडाचा पाया बहुधा लोखंडी किंवा प्लॅस्टिकचा तिपाई असतो आणि पाच फुटी झाडाला तो दीड फुटाच्या आसपास पसरतो, म्हणजे दोन फुटी टेबलावर तो नीट बसतो. तरी तो नुसता ठेवून भागणार नाही. पायाच्या तिन्ही टोकांना टेबलाच्या फळीवर छोटे स्क्रू आणि पट्ट्यांनी आवळून घ्या. त्यानंतर झाडाच्या मधल्या खांबाला, जमिनीपासून साधारण चार-साडेचार फुटांवर, तंगूस (मासेमारीचा पारदर्शक नायलॉनचा दोरा) बांधून त्याची दोन टोके दोन भिंतींतल्या हुकांना ताणून बांधा. तंगूस दिसत नाही आणि मुलाने फांदी ओढली तरी झाड जागचे हलत नाही. टेबलावर चढल्यामुळे झाडाच्या खालच्या फांद्या मुलाच्या छातीच्या वर जातात, हा आणखी एक फायदा, पण काचेचे गोळे तरीही वरच्या अर्ध्या भागातच लावा. दिव्यांच्या माळा एलईडीच्याच घ्या, त्या फारशा तापत नाहीत. गोठ्यातले वाळलेले गवत आणि प्लगची जोडणी यांच्यात हातभर अंतर ठेवा आणि झोपताना बटण बंद करा. पाच फुटी झाडाला तीनशे-चारशे दिव्यांची माळ भरपूर होते. परदेशात फुटाला शंभर दिवे असा ठोकताळा सांगतात, पण कोपऱ्यातल्या झाडाची मागची बाजू कोणाला दिसत नाही.

दुकानात गेल्यावर उंचीनंतर लगेच रुंदी विचारा. "खालच्या फांद्या उघडल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत किती इंच?" असा सरळ प्रश्न केला आणि उत्तर मिळाले नाही, तर उघडलेल्या नमुन्यावर स्वतः टेप लावा. खोक्यावर लिहिलेल्या उंचीत खालची तिपाई आणि अगदी वरच्या फांदीचे उभे केलेले टोक दोन्ही धरलेले असतात, त्यामुळे पाच फुटी म्हणून घेतलेले झाड हिरवळीच्या हिशेबाने सव्वाचार-साडेचार फूटच भरते, हेही लक्षात असू द्या. त्यानंतर फांद्यांची टोके किती ते पाहावे. त्याच उंचीच्या दोन झाडांच्या किमतीत दुप्पट फरक असतो तो बहुतांशी यामुळेच, आणि विरळ झाडामधला खांब दिवे लावल्यावर हाडासारखा दिसतो. फांद्या बिजागरीने खांबालाच जोडलेल्या असतील तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. सुट्या फांद्या एकेक करून खोचायच्या झाडात पहिल्या वर्षी मजा येते, तिसऱ्या वर्षी दोन फांद्या सापडत नाहीत.

तुमच्या पतींची शंका अगदी रास्त आहे. कोणत्याही झाडाचा खोका एकदा उघडला की त्यात ते झाड पुन्हा पूर्वीसारखे मावत नाही, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे, म्हणून माळ्यावर जागा मोजताना खोक्याच्या मापावर दोन्ही बाजूंनी चार-चार इंच वाढवूनच मोजा. पाच फुटी झाडाचे दोन किंवा तीन भाग होतात, त्यामुळे ते खोक्याऐवजी जुन्या चादरीत फांद्या वर दाबून गुंडाळले आणि सुतळीने बांधले तर लांबट उशीएवढे होते. दोन फूट उंचीच्या माळ्यावर ते सहज जाते. सात फुटी झाडाच्या बाबतीत असे वचन मी देऊ शकणार नाही. टेबल तर वर्षभर वापरातच राहील.

नर्सरीतल्या झाडाविषयी विचारले आहे. "ख्रिसमस ट्री" म्हणून कुंडीत मिळते ते बहुतेक वेळा अरोकेरिया असते. ही पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरची झाडे. त्यातल्या एका जातीला १७७४ साली कॅप्टन कुक यांनी पाहिलेल्या नॉरफोक बेटाचे नाव मिळाले. मायभूमीत ही झाडे कित्येक मजले उंच होतात, कुंडीत मात्र सावकाश वाढतात. हॉलसाठी तीन फुटी अरोकेरिया छान दिसते, फक्त त्याच्या फांद्या मजल्या-मजल्यांनी आडव्या निघतात आणि मऊ असतात, त्यामुळे कागदाच्या आणि कापडाच्या हलक्या वस्तूंखेरीज काही टांगू नये. त्याला भरपूर उजेड लागतो, म्हणून नाताळापुरते आत आणून तीन राजांच्या सणानंतर, म्हणजे ६ जानेवारीनंतर, पुन्हा बाल्कनीत ठेवावे. एकदम कडक उन्हात ठेवू नका, पाने करपतात. आणि ते फार उंच झाले म्हणून शेंडा कधीही छाटू नका. शेंडा गेला की झाडाचा तो सरळसोट त्रिकोणी आकार पुन्हा येत नाही, आणि ज्या आकारासाठी आपण ते घेतले तोच निघून जातो. तुमच्या कोपऱ्यातल्या मुख्य झाडाऐवजी ते घेऊ नये असे मला वाटते, कारण तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला आणि जुन्या काचेच्या गोळ्यांना ते झेपणार नाही. बाल्कनीत मात्र एक जरूर ठेवा.

सुरूच्या फांदीचा मोह अजून होत असेल तर तोही जाणतो. पण महापालिका हद्दीत झाडे तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि तोडलेली सुरू बंद हॉलमध्ये आठवड्याभरात तपकिरी होऊन झडू लागते. ओटीवरून ते झाडून टाकता येत होते, सोफ्याच्या फटींतून काढणे वेगळे. कोणाच्या वाडीत वाऱ्याने पडलेली फांदी मिळाली तर तिचे चार-पाच हातभर तुकडे गोठ्याच्या छपरावर टाका. सुरूचा तो वास हॉलमध्ये दरवळेल, आणि कृत्रिम झाडातून तो काही केल्या येत नाही.

टेबल झाडाच्या आधी आणा. ते कोपऱ्यात ठेवून, खाली गोठा सरकवून सासूबाईंना दाखवा, आणि त्यांनी "थोडा पुढे घे" असे म्हटले तर तो थोडा पुढे घेऊन, उरलेली जागा पुन्हा मोजून, मगच दुकानात जा.